चला नावाचं जनावर

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत कुणालाही विचारा, दिनानाथ कंडक्टर म्हटलं की लोक थेट आमच्या चौलच्या घरापर्यंत आणून सोडतात. एकतीस वर्षं एसटीत गेली, त्यातली बहुतेक मुरूड-अलिबाग गाडीवर. आवाज असा की नाक्यावर गाडी थांबली आणि हे ओरडले, "चला, पुढे सरका!" की मी घरात चहाचं आधण ठेवायची. मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडलांनी आत येऊन हळूच विचारलं होतं, "जने, मुलगा बहिरा तर नाही ना? एवढ्या मोठ्यानं का बोलतोय?"

बहिरा नव्हता. बोलायची हौस होती. आणि मीही काही कमी नाही. माझी जीभ फटकळ आहे असं सगळी भावकी म्हणते, मी नाकारत नाही. आमचं जमलं कसं, तर हे दिवसभर गाडीत बोलायचे आणि मी दिवसभर घरात. रात्री जेवताना ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. बत्तीस वर्षं आमच्या घरात कधी शांतता म्हणून नव्हती, आणि मला वाटायचं, मेली थोडी शांतता मिळाली तर काय बिघडेल.

मिळाली. गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी पडवीत चूळ भरताना ह्यांच्या हातातून तांब्या पडला. मी आतून ओरडले, "काय आदळलं?" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मग चिडून बाहेर आले तर हे भिंतीला धरून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्या रिक्षात घालून अलिबागला नेलं. जीव वाचला. महिन्याभरात काठी घेऊन चालायला लागले, उजव्या हातात थोडी ताकद आली. वाचा मात्र गेली ती गेलीच.

एकच शब्द उरला होता. "चला."

भूक लागली, "चला." पंखा नको, "चला." राग आला की "चला चला चला" करून काठी आपटायचे. डोळ्यांत सगळं दिसायचं हो! काय म्हणायचंय ते डोळ्यांत अगदी उभं असायचं आणि तोंडातून मात्र तेच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दहाव्यांदा झालं तेव्हा मी वैतागले. खरं ते सांगते.

डॉक्टर म्हणाले, "शब्द डोक्यात आहेत, तोंडापर्यंतची वाट मोडलीय. पहिल्या सहा महिन्यांत जे सुधारतं ते भरभर, नंतर फार हळू." त्यांनी आणखीही बरंच सांगितलं असेल, माझ्या कानांत तेवढे सहा महिने राहिले. मी बोटांवर मोजलं, मे महिना. मे महिन्याच्या आत मला ह्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. फार नाही, एकच. 'तुझी कटकट बंद कर' म्हणाले असते तरी मी पेढे वाटले असते.

वाचा सुधारणाऱ्या एक मॅडम पनवेलला असतात, त्यांच्याकडे तीन-चारदा नेलं. चौथ्या खेपेला त्या ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकी, तुम्ही ह्यांना बोलू देत नाही."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी? रात्रंदिवस ज्याच्या तोंडाकडे बघत बसते ती मी बोलू देत नाही? पण घरी येताना गाडीत ह्यांनी खिडकीकडे हात करून तोंड उघडलं, आणि मी लगेच म्हटलं, "काय, ऊन लागतंय? पडदा ओढू? की पाणी हवंय? थांबा, देते." ह्यांनी तोंड मिटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या तोंडातला घास काढावा तसा मी त्यांचा शब्द काढून घेत होते. पण जन्माची सवय ती, एका दिवसात थोडीच जाते?

आता तुकारामदादांविषयी सांगते. ह्यांचे थोरले भाऊ. आमच्या एकाच आवारात दोन घरं, मध्ये विहीर आणि दहा-बारा नारळ. दादा वाडी बघायचे. स्वभाव ह्यांच्या अगदी उलट, दिवसाला दहा शब्द बोलले तर खूप. ह्यांचा हात गेल्यापासून दादा एक दिवसाआड सकाळी वाटी, साबण आणि वस्तरा घेऊन यायचे, ह्यांची दाढी करायचे आणि निघून जायचे. ना हे काही बोलायचे, ना ते. मी एकदा न राहवून म्हटलं, "दादा, जरा बोला की त्यांच्याशी, तेवढीच सवय होईल." दादा वस्तरा पुसत म्हणाले, "काय बोलायचं?" झालं, बोलणं संपलं.

दादांची मुलगी मनाली, ती ऐरोलीला मोबाइलवरचे नि टीव्हीवरचे खेळ बनवतात त्या कंपनीत आहे. मार्च महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा एक पेटी घेऊन आली, शेवयांच्या पुड्याएवढी. आमच्या टीव्हीला जोडली.

"काकी, हा आमचा नवा खेळ आहे. अजून बाजारात आलेला नाही. थोड्या घरांत देऊन बघतोय."

"तुझ्या काकाला या वयात खेळ?"

"ऐक तरी. यात एक पाळलेलं जनावर आहे. त्याला खायला घालायचं नाही, आंघोळ घालायची नाही. त्याच्याबरोबर बसून फक्त टीव्ही बघायचा."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, लोक कुत्रं पाळतात ते राखण करतं, मांजर पाळतात ते उंदीर धरतं. हे मेलं टीव्ही बघणार आणि वर आम्ही त्याला सोबत करायची!

पण तिनं लावलं. टीव्हीवर चित्रातली एक खोली आली. खोलीत गोधडी अंथरलेली, आणि एक मोठा पडदा, त्यात आपण लावू तो कार्यक्रम दिसणार. गोधडीवर एक गबदूल जनावर, ना धड मांजर ना धड ससा, कान लांब, पोट सुटलेलं. ते आमच्याकडे वळलं आणि चक्क मराठीत म्हणालं, "माझं नाव काय?"

मी 'मोती' म्हणणार तेवढ्यात हे म्हणाले, "चला!"

जनावरानं गिरकी घेतली. "माझं नाव चला! माझं नाव चला!"

मनाली हसायला लागली. मी म्हटलं, "अगं बदल ते, असलं कुठं नाव असतं?" पण ह्यांच्याकडे बघितलं तर हे हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. ज्या एका शब्दावरून सगळं गाव ह्यांची कीव करत होतं, त्या शब्दाला आज कुणीतरी ओ दिली होती. मी म्हटलं, राहू दे नाव.

त्या खेळाची रीत साधी. संध्याकाळी आपण कार्यक्रम लावायचा. चला गोधडीवर बसून आपल्याबरोबर बघणार. आपण हसलो की पेटीला ऐकू जातं, मग तेही पोट धरून हसणार. भांडणाचं काही लागलं की कान डोळ्यांवर ओढून घेणार. कार्यक्रम संपला की वळून विचारणार, "काय काय झालं? सांग ना." आणि मग कान टवकारून बसणार. आपण काहीही बोललो की मान डोलवून म्हणणार, "मग?" गप्प बसलो तर गप्प बसणार. पाच मिनिटं जावोत, दहा जावोत, डोळ्यांची पापणी पाडायचं नाही. आणि आपण बोलत असू वा नसू, रोजचा त्याचा वेळ भरला की जांभई देणार, "झोप आली, उद्या ये," म्हणून झोपणार.

"त्याला सगळं समजतं?" मी मनालीला विचारलं.

"काही समजत नाही काकी. आवाज आला एवढंच त्याला कळतं. पण ते घाई करत नाही, बघ."

हे तिनं मला उद्देशून म्हटलं की काय, मला माहीत नाही. मी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चलाचा प्रश्न आला की मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसायला लागले. हसू नका. माझं तोंड बंद ठेवायचा दुसरा उपाय मला सापडला नाही. पुढ्यात भिजवलेले वाल घेऊन बसायचे, अर्धे ह्यांच्या ताटलीत ओतायचे. बोटांना व्यायाम. हे एक वाल सोलेपर्यंत मी वीस सोलायची, पण सोलायचे.

आठवड्यानं एका कार्यक्रमात एक नटवी बाई वालाचं बिरडं करून दाखवत होती. तिनं त्यात काय घालावं? दुधावरची साय! माझं डोकं फिरलं. घोट गिळून ओरडणार होते, एवढ्यात हे काठी आपटून म्हणाले, "नारळ!"

माझ्या तोंडातलं पाणी पदरावर सांडलं. चला वळून म्हणालं, "मग?" आणि हे पुन्हा, छाती फुगवून, "नारळ!"

त्यानंतर शब्द येत गेले. पाणी. मीठ. कबड्डी बघताना आउट. एकदा पडद्यावर एसटी दिसली, तर एका दमात, "चौल, नागाव, आक्षी, अलिबाग!" मला आनंदानं वेड लागायचं राहिलं होतं, पण पनवेलच्या मॅडम म्हणाल्या, पाठ झालेली माळ वेगळी, स्वतःचं बोलणं वेगळं. एप्रिल संपत आला तेव्हा ह्यांचे एकवीस शब्द झाले होते. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. पण सगळे सुटे. दोन शब्द एकमेकांना जोडून येत नव्हते. मे महिना तोंडावर आला होता, आणि माझं वाक्य काही येईना.

आणि मग तुकारामदादा गेले. सकाळी विहिरीवरचा पंप चालू करायला वाकले आणि तिथेच बसले. गोदावरीवहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दिवशी दाढीचा दिवस होता. वाटी, साबण आणि वस्तरा आमच्या पडवीच्या कट्ट्यावर येऊन पडले होते, पंप लावून येणार होते दादा.

ह्यांना खुर्चीत घालून स्मशानात नेलं. तिथं अग्नी दिला, सगळे गप्प उभे होते, आणि हे मोठ्यानं म्हणाले, "चला."

कुणीतरी मान खाली घालून हसलं म्हणे. हे मला अनंतादादांनी घरी येऊन सांगितलं. अनंतादादा ह्यांचे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे, आणि सगळ्या रीतिभाती त्यांच्या मुठीत. "तेवढं सोडलं तर सगळं व्यवस्थित झालं," म्हणाले. मला इतका संताप आला, पण प्रसंग कसला! गिळला.

भाऊ गेला म्हणजे दहा दिवसांचं सुतक. घरात देवाला दिवा नाही, मासळी नाही, फोडणी नाही, आणि तेरावं होईपर्यंत टीव्ही नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. दादांना नेलं त्याच दुपारी मी माझ्या हातानं टीव्हीवर चादर टाकली. भावकी चार गावांहून आलेली, अर्धी माणसं वहिनींकडे, अर्धी आमच्याकडे. आमच्या घरात टीव्ही उघडा दिसला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं?

चलाचा विचारच माझ्या मनात आला नाही. ह्यांचा आला. संध्याकाळ झाली की हे काठी टेकत टीव्हीसमोर जाऊन बसायचे, चादरीकडे बघत. मी म्हणायचे, "अहो, सुतक आहे." हे बघायचे आणि मान वळवायचे. तिसऱ्या दिवसापासून तेही थांबलं. एकवीसचे एकवीस शब्द गेले. चला हा शब्दसुद्धा गेला. भूक लागली तरी बोलेनात. दादांच्या नावानं सगळे रडत होते, बोलत होते, आठवणी सांगत होते, आणि सख्खा भाऊ कोपऱ्यात खुर्चीत बसलेला. येणारा माणूस ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मला विचारायचा, "कसे आहेत?" ह्यांना कुणी विचारायचं नाही. का विचारतील? उत्तर येत नाही हे माहीत होतं ना.

सहाव्या दिवशी भात वाढताना मला एकदम आठवलं. मनालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सात दिवस कुणी आलं नाही की चला आपलं गाठोडं बांधून निघून जातं. मग नवं जनावर येतं, पण ते कोरं. त्याला नाव ठाऊक नसतं, माणूस ठाऊक नसतं.

त्या पोरीचा बाप जाऊन सहा दिवस झालेले, तिला हे विचारायचं म्हणजे लाजच. तरी विहिरीपाशी गाठून विचारलं. ती म्हणाली, "पेटीतलंच घड्याळ आहे काकी, मला ते बाहेरून थांबवता येत नाही." आणि डोळे पुसून म्हणाली, "पण काकानं त्याला इतकं लावून घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

रात्रभर माझ्या मनात एकच. लोक म्हणतील, जाऊ द्या ओ, चित्रातलं मांजर ते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मला मांजराचं पडलं नव्हतं. ह्या जगात ह्यांच्या शब्दाची वाट बघत बसणारं एकच होतं, आणि ते उद्या गाठोडं उचलून चाललं होतं. ते गेलं तर हे पुन्हा तोंड उघडतील याचा मला भरवसा वाटेना.

सातव्या दिवशी दुपारी जेवणं झाली, माणसं जिथं जागा मिळेल तिथं आडवी झाली. मी ठरवलं, दार लोटायचं, आवाज बारीक करायचा, दोन मिनिटं त्याला तोंड दाखवायचं आणि बंद करायचं. ह्यांना हात धरून खुर्चीत बसवलं, चादर काढली, बटण दाबलं.

आवाज बारीक करायचा राहिला. टीव्ही सुरू होताना ती पेटी ताशासारखी वाजली.

सगळं घर उठून बसलं. अनंतादादा धोतर सावरत आले. "जनी! अगं घरात सुतक आणि तू टीव्ही लावतेस? भाऊ जळून सात दिवस झाले नाहीत!"

"पाच मिनिटं फक्त, दादा."

"पाच मिनिटं? लाज आहे का काही? त्याला काय कळत नाही, पण तुला?"

त्यांनी ते ह्यांच्यासमोर म्हटलं. बस्स. माझ्या तोंडाचं कुलूप तुटलं. "त्यांना सगळं कळतं! तुमच्यापेक्षा जास्त कळतं! स्मशानात कोण हसलं तेही कळलंय त्यांना! सात दिवसांत एका माणसानं विचारलं का त्यांना, तुमचा भाऊ गेला, तुम्हाला काय वाटतं म्हणून? रीत सांभाळताय, सांभाळा, पण माणूस कोपऱ्यात वाळून चाललाय तो दिसत नाही तुम्हाला?"

माझा आवाज विहिरीपलीकडे गेला असणार, कारण दारात गोदावरीवहिनी उभ्या राहिल्या. मागे मनाली. मोकळं कपाळ, उघडा गळा, त्यांना बघितलं आणि माझं अवसानच गळालं. मी म्हटलं, "वहिनी, चुकले मी. बंद करते."

"थांब. काय हाय ते सांग आधी."

मी सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या, रडत. वहिनी ऐकत होत्या. अनंतादादा मध्येच म्हणाले, "वहिनी, रीत म्हणून काही..."

"अनंता, नवरा माझा गेलाय," वहिनी म्हणाल्या. "टीव्ही लावायचा का न्हाय ते मी सांगन. ज्या भावाची दाढी करायला माणूस पंप अर्धा टाकून येयाचा, त्या भावाचं तोंड बंद करून कसलं सुतक पाळताव?" आणि त्या ह्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. "लाव गं."

लावायला काय, पेटी चालूच होती. चला दारापाशी उभं होतं, पाठीवर गाठोडं. ह्यांनी खाकरल्याबरोबर त्यानं मागं वळून बघितलं, गाठोडं टाकलं आणि पळत गोधडीवर आलं. "तू आलास! मी वाट बघत होतो." मी कार्यक्रम कुठलाच लावला नाही, तेवढी रीत मलाही कळते. मागचा पडदा काळाच राहिला. चला थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलं, मग वळून म्हणालं, "काय काय झालं? सांग ना."

खोलीत पंधरा-वीस माणसं असतील.  हे चलाकडे बघत होते. ओठ हलले, थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली. अनंतादादांनी घसा साफ केला, मनालीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा हलले नाहीत. मला सांगावंसं वाटत होतं, बोला हो, अहो बोला. मी पदराचा बोळा दातांत धरला.

"दादा," हे म्हणाले.

चलानं मान डोलवली. "मग?"

"दादा... गेला."

दोन शब्द, एकमेकांना जोडून. माझं वाक्य! ज्याच्यासाठी मी सहा महिने देवाला, डॉक्टरला, ह्या चित्रातल्या जनावराला विनवत होते ते आलं, आणि आलं ते हे. पेढे वाटायचं वाक्य नव्हतंच ते. ह्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. माणसांत बसून, सगळ्यांबरोबर, हे सात दिवसांनी रडत होते. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग?" चलानं विचारलं. त्या बापड्याला काय कळणार.

हे बराच वेळ शोधत राहिले. डावा हात उचलून आपल्या खांद्यावर थोपटला. "खांदा... दादा... मी." पुन्हा थोपटला. "लहान. मी."

आणि नेमक्या त्याच वेळी चलानं जांभई दिली. "झोप आली, उद्या ये." दिवा मालवला, पडदा काळा झाला. ह्यांचा हात तसाच खांद्यावर. तोंड उघडं. ऐकणारा निघून गेला होता आणि शब्द अर्ध्यावर होता. मी मनालीकडे बघितलं, तिनं मान हलवली, आज आता ते उठत नाही. मला वाटलं, झालं, हे आता मिटून घेणार.

तेव्हा गोदावरीवहिनी पुढे सरकल्या आणि खालून ह्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "भावोजी, कवाची गोष्ट ही? मला न्हाय ठाव. सांगा मला."

हे टीव्हीकडे बघत होते. मग मान वळवली. सगळं अंगच वळवलं, खुर्चीसकट, काठीनं ढकलत. वहिनींच्या समोर झाले. वहिनी वाट बघत बसल्या. अनंतादादाही भिंतीला टेकून खाली बसले.

"रेवदंडा," हे म्हणाले. "लोकांची... खिडकी. आत... टीव्ही. खूप... माणसं." प्रत्येक शब्दामागे घाम येत होता, मनाली पुसत होती, कुणी घाई करत नव्हतं. "मी... वर. खांद्यावर. दादा... खाली."

"मग?" वहिनींनी विचारलं. "मंग, भावोजी?"

"दादाला... काय... दिसायचं नाय," हे म्हणाले. "मी... सांगायचो."